हळदूचा पाट

भूपाल आण्णा मगदुमांनी बसण्याआधी वाकून पाटावर बोटाच्या पेरानं टकटक केली, कान तिरका करून ऐकलं आणि म्हणाले, "हळदू."

मी पानात मीठ वाढत होते. चिमूट हातातच राहिली. भाकरीची टोपली घेऊन आई स्वयंपाकघराच्या दारात आली होती, ती तिथंच थबकली.

"अस्सल हळदू हाय," आण्णांनी पाटावरून तळहात फिरवला. "रंग बघा, हळकुंड फोडल्यागत. आणि रेघ दिसतीय का कुठं? न्हाई. हीच हळदूची खूण. असलं लाकूड आता वखारीत बघायलासुद्धा मिळत न्हाई, वैनी. कुठनं आणला?"

आण्णांची मिरजेत लाकडाची वखार होती. डोळे बांधून नुसत्या आवाजावरून लाकूड ओळखतो, असं ते सांगत, आणि मिरज-सांगलीच्या पेठेत त्यावर कुणी वाद घालत नसे. तो पाट मात्र मी मागच्याच आठवड्यात घरामागच्या शेडमध्ये साच्यातून काढला होता. डेअरीवाले टाकून देतात त्या दुधाच्या पिशव्या आणि आमची हळद पॉलिश करताना ड्रमखाली पडतो तो पिवळा कोंडा, एवढंच त्यात होतं. लाकूड नावालाही नव्हतं.

माझा धंदाच तो होता. प्लॅस्टिकचा डिप्लोमा करून मी गावी परत आले, तेव्हा लोकांना वाटलं, बादल्यांचा कारखाना काढणार. मी कचरा गोळा करायला लागले. शेतातल्या फाटक्या ठिबकच्या नळ्या, पिशव्या, वखारीतला भुस्सा, शेंगांची टरफलं. प्लॅस्टिक धुऊन त्याचा चुरा करायचा, भुस्सा मोठ्या कढईत रव्यासारखा भाजून कोरडा करायचा, कारण जरा ओल राहिली तर फळीला पुरीसारखे फुगे येतात. मग दोन्ही एकत्र तापवून तो लगदा साच्यात दाबायचा. फळी काळी आणि ओबडधोबड निघायची, पण गोठ्यात वर्षानुवर्षं कुजायची नाही. तो पिवळा पाट मी केवळ गंमत म्हणून केला होता.

आता हे आण्णांना सांगायचं कुणी? त्यांनी प्रश्न विचारला होता आईला, आणि तीच खरी पंचाईत होती. बाबा गेले त्या वर्षी गावात मुनिमहाराजांचा चातुर्मास होता. बायकांनी कुणी गोड सोडलं, कुणी हिरवी भाजी सोडली. आईनं महाराजांसमोर आजन्म खोटं न बोलण्याचा नियम घेतला. तेव्हापासून आमच्याकडे नव्या साड्या दाखवायला कुणी येत नसे.

"घरचाच आहे," आई म्हणाली.

"तेच म्हणतो मी. जुनी घरं, जुन्या वस्तू." आण्णांनी पाटाची कड उचलून बघितली. "पण हळदू एवढा जड नसतोय."

मी हातातली चिमूट परत भांड्यात टाकली.

"गाभ्यातला असणार," ते म्हणाले. मग आणखी खाली वाकून त्यांनी वास घेतला. "आणि हळदीचा वास कसा काय ओ? ह्या लाकडाला वास नसतोय."

आईनं भाकरीची टोपली खाली ठेवली. मी डोळे मिटले.

"हां हां, हळदीच्या घरात राहिलाय न्हवं," आण्णांनीच सांगून टाकलं. "वास लागणारच. काय वैनी?"

"आमच्या घरात सगळ्यालाच हळदीचा वास येतो, आण्णा," आई म्हणाली. "बसा. सूर्य मावळायच्या आत जेवण व्हायला पाहिजे."

आण्णा बसले, चांगले मांडी ठोकून. मी वळून मिठाचं भांडं जागेवर ठेवलं, कारण चेहरा लपवायला दुसरं काही हाताशी नव्हतं.

ह्या पाटावर त्यांना बसवायचं ही कल्पना माझीच. दुपारी त्यांच्या मुलाचा, धन्यकुमारचा फोन आला होता. भुस्सा न्यायला मी त्यांच्या वखारीत जायचे, पोती उचलून द्यायला तो यायचा. दोन वर्षांत पोती हलकी आणि बोलणी लांब होत गेली. मला लग्न करायचं तर त्याच्याशीच करायचं होतं, आणि त्यालाही माझ्याशीच. फक्त वडिलांपुढं त्याला तोंड फुटत नसे, म्हणून शेवटी आईनंच त्यांच्याकडं विचारणा पाठवली होती.

"आण्णा तुमच्याकडं निघालेत," तो फोनवर म्हणाला.

"होकार घेऊन?"

"नाही. तुझ्या आईला समजावून सांगायला."

"मग तू काय बोललास?"

"मी म्हटलं, गाडी सावकाश चालवा."

माझं डोकं फिरलं. हा माणूस पेठेत माझ्या फळ्यांना प्लॅस्टिकची भाकरी म्हणायचा, आणि आता आमच्याच घरी जेवून मला नकार देणार. ठीक आहे, जेवू दे. पण बसेल माझ्याच पाटावर. आणि हात धुताना मी विचारणार होते, आण्णा, इतका वेळ कचऱ्यावर बसला होतात, बोचलं का कुठं?

आई म्हणाली होती, "पाहुण्याची चेष्टा करू नये."

"मी कुठं चेष्टा करतेय? पाट देतेय."

आता पाहुणा दुसरी भाकरी मोडत होता आणि विषयाला हात घालत होता.

"पोरगी हुशार हाय, वैनी. मी न्हाई म्हणत न्हाई. पण आमी लाकडाची माणसं. आज्जापासनं वखार हाय. उद्या लोक म्हणतील, मगदुमांची सून उकिरडा उकरतीय." त्यांनी आमटीचा भुरका मारला. "कचरा तो कचराच. त्याला फळी म्हटलं म्हणून काय त्याचं लाकूड होतंय? लाकूड म्हंजे हे!"

आणि त्यांनी डाव्या हातानं पाटावर थाप मारली.

माझं तोंड उघडलं. शब्द अगदी ओठावर होते.

"सुप्रभा," आई म्हणाली, "तूप आण."

मी स्वयंपाकघरात गेले आणि तुपाच्या भांड्यापुढं उभी राहून रडले. मघाशी हसू दाबत होते, आता रडू दाबता येईना. त्यांना फसवल्याची मजा एका क्षणात गेली. माझा पाट त्यांना आवडला होता आणि मी नको होते. ह्याचं करायचं काय?

मी तूप घेऊन बाहेर आले, तर आण्णा पुढच्या मुद्द्यावर आले होते.

"मनाला लावून घेऊ नका, वैनी. धन्यकुमारसाठी इचलकरंजीचं एक स्थळ बघितलंय. आणि एक मागणं हाय. लग्नात त्याला बसायला हा पाट द्याल का? अक्षता झाल्या की परत आणून देतो."

तुपाची धार त्यांच्या भातावर पडायची ती आमटीत पडली. निर्लज्जपणालाही काही माप असतं, असं मला वाटलं. आई मात्र शांत होती.

"पाट सुप्रभाचा आहे," ती म्हणाली. "सुप्रभा जाईल त्या घरी पाट जाईल."

आण्णा कसंनुसं हसले. पाणी प्यायले, हात धुतले, जय जिनेंद्र म्हणून निघून गेले. हात धुताना मी तांब्यानं पाणी घालत होते, आणि आईचे डोळे माझ्या पाठीवर होते, म्हणून बोलले नाही. गाडी वळल्यावर मात्र मी तिच्यावर उखडले.

"का थांबवलंस मला?"

"सांगितलं असतंस तर घटकाभर हसली असतीस," ती म्हणाली. "मग जन्मभर काय केलं असतंस?"

पुढचं काम आण्णांच्या जिभेनं केलं. धन्यकुमारचे फोन यायला लागले आणि प्रत्येक फोनला गोष्ट मोठी होत गेली. आण्णांनी वखारीतल्या सुतारांना सांगितलं की आमच्या, म्हणजे आवट्यांच्या घरी हळदूचा पाट आहे. मग दाताच्या डॉक्टरांना सांगितलं, तोंड उघडं असतानाच. मग मंदिराच्या ट्रस्टींना सांगितलं की असला पाट देवाच्या गाभाऱ्यात शोभेल. शेवटी ही बातमी बापू शिराळकरांपर्यंत गेली. शिराळकरांची वखार आण्णांच्या समोर, आणि त्या दोघांचा एकमेकांवर इतका जीव की एकानं पाटी रंगवली की दुसरा दार रंगवायचा.

"शिराळकर भर चौकात म्हणाले, हळदू असेल तर मी वखार बंद करतो," धन्यकुमारनं सांगितलं.

"आणि आण्णा?"

"आण्णा म्हणाले, नसेल तर मी बंद करतो. येताहेत तुमच्याकडं. तुकडा काढून न्यायला."

एका पाटापायी वखार बंद होणार, आणि त्या वखारीच्या मालकाची सून व्हायचं स्वप्न मी बघत होते. असल्या सासऱ्याला कोण विसरू देणार की त्याला उकिरड्यानं बुडवलं?

ते सकाळी आले. गाडी धन्यकुमार चालवत होता. आण्णांच्या खिशात सुताराची छोटी पटाशी होती.

"वैनी, खालच्या बाजूनं एवढा एवढा ढलपा काढतो," त्यांनी नखावर माप दाखवलं. "वर काय दिसणार न्हाई. त्या शिराळकराच्या तोंडावर मारायचाय."

आईनं पाट आणून त्यांच्यापुढं ठेवला. आण्णा खाली बसले, पटाशी काढली, आणि सहज म्हणून बोलायला लागले, "हा हळदूच हाय न्हवं, वै..."

"थांबा आण्णा," आई म्हणाली.

तिचा आवाज चढलेला नव्हता, पण आण्णांचा हात थांबला.

"माझा नियम तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही विचारलंत तर मला खरं सांगावं लागेल. ते तुम्ही ऐकाल, तुमचा मुलगा ऐकेल. उद्या शिराळकर येऊन विचारतील, त्यांनाही मी तेच सांगेन. म्हणून आधी ठरवा, विचारायचंय का."

आण्णा आईकडं बघत राहिले. मग माझ्याकडं. माझ्या चेहऱ्यावर त्यांना काय दिसलं ते देव जाणे, पण त्यांनी पटाशी खाली ठेवली, चष्मा लावला आणि दोन्ही हातांनी पाट उलटा केला.

खालची बाजू मी घासलीच नव्हती. पाटाची खालची बाजू कोण बघतंय? दोन आडव्या पट्ट्यांच्या मध्ये, कोपऱ्याजवळ, दुधाच्या पिशवीचा एक तुकडा पुरता न वितळता तसाच चिकटून राहिला होता. त्यावरची निळी अक्षरं थोडी पसरली होती, पण वाचता येत होती. आण्णांचे ओठ हलले. त्यांच्या खांद्यावरून मीही वाचलं.

थंड जागी ठेवा.

"काय आहे, आण्णा?" मागून धन्यकुमारनं विचारलं आणि तो बघायला पुढं आला.

आण्णांनी पाट झटकन सुलटा केला आणि त्याच्यावर बसले.

"काय न्हाई," ते म्हणाले. "हळदू."

आण्णांनी पाणी मागितलं. मी तांब्या दिला. ते सावकाश प्यायले, मिशा पुसल्या, आणि पाटावरून न उठता आईला म्हणाले, "वैनी, तुमी त्या दिवशी म्हणालात, पोरगी जाईल तिथं पाट जाईल."

"म्हणाले."

"आणि पाटाबद्दल कुणी विचारलं तर?"

"पाट माझ्या घरात आहे तोवर मला विचारतील," आई म्हणाली. "तुमच्या घरात गेला की तुम्हाला विचारतील."

मी आईकडं बघतच राहिले. आजन्म खोटं न बोलण्याचा नियम घेतलेली माझी आई! त्या वाक्यात खोटा एक शब्द नव्हता, आणि भूपाल मगदूम त्यात मानेपर्यंत अडकले होते. त्यांनाही ते कळलं. त्यांनी एकदा छताकडं बघितलं, एकदा स्वतःच्या मुलाकडं, आणि धन्यकुमार गाडीच्या किल्ल्या चाचपत उभा होता.

"धन्या," आण्णा म्हणाले, "तुला हीच पोरगी पाहिजे का?"

"हो," तो म्हणाला. एवढंच म्हणाला, पण वडिलांसमोर म्हणाला. मी त्याच्यावर जन्मभर चिडत आले, पण त्या एका 'हो'वर कधीच चिडता आलं नाही.

"मग तोंड शिवलं होतंस काय इतके दिवस?" आण्णा कडाडले आणि एकदाचे उठले. पाट त्यांनी काखोटीला मारला. "चल पोरी, तुझा कारखाना दाखव."

शेडमध्ये ते एकटेच माझ्याबरोबर आले. पिशव्यांच्या ढिगाकडं बघून नाक मुरडलं. कोंड्याच्या पोत्यात हात घातला, मूठभर घेऊन वास घेतला, आणि मान हलवली. मग भिंतीला टेकलेल्या एका काळ्या फळीवर टकटक केली.

"खिळा धरतंय?"

"धरतंय."

"करवत?"

"चालते. फक्त घाई करायची नाही, नाहीतर पातं तापून चिकटतं."

"वाळवी?"

"तोंड लावत नाही."

"वाळवीलासुद्धा कळतंय म्हंजे," ते पुटपुटले. टोमणाच होता, पण दात नव्हते त्याला. त्यांनी पाट कामाच्या टेबलावर उलटा ठेवला, ती निळी अक्षरं अंगठ्यानं चोळून बघितली. जात नव्हती.

"माफ करा आण्णा," मी म्हणाले. "तुम्हाला नुसतं बसवायचं होतं ह्याच्यावर. एवढं होईल असं..."

"गप," ते म्हणाले. "माफी कशाची? मला कुणी काय सांगितलंय? मी काय विचारलंय? काय न्हाई." मग आवाज खाली आणला. "चाळीस वर्षं लाकूड बघतोय. भूपाल मगदूम फसला, म्हंजे माल बरा असणार."

त्यांच्या तोंडून मला मिळालेली ही पहिली शाबासकी. मला पुन्हा रडू यायला लागलं, आणि ते त्यांना आवडत नसावं, कारण ते लगेच दाराकडं निघाले. दारात थांबले.

"लग्नाला दोन पाट लागतात," ते म्हणाले. "दुसरा करताना खालची बाजू नीट घास."

शिराळकरांना त्यांनी काय सांगितलं? सांगितलं की घरच्या सुनेच्या माहेरच्या पाटाला पटाशी लावणं शोभत नाही, बघायचा तर लग्नात येऊन बघा. सून हे नातं तेव्हा अर्ध्याच दिवसाचं होतं, पण शिराळकरांना ते नाकारता येईना.

लग्न आमच्या दारात, मांडवात झालं. दोन्ही पाट शेजारी शेजारी, तेलाचा हात फिरवून चकचकीत केलेले. शिराळकर सगळ्यांच्या आधी आले. अक्षता पडल्या, जेवणाची गडबड सुरू झाली, तसे ते आमच्याजवळ आले, वाकले, माझ्या पाटाच्या कडेवर टकटक केली. मग धन्यकुमारच्या. कान लावून ऐकलं. चेहऱ्यावर शंका तशीच. आई ओटीचं ताट घेऊन चालली होती, तिला त्यांनी गाठलंच.

"काय हो ताई, हळदूच का हे?"

मांडवात एवढा कालवा होता, तरी मला आईच्या बांगड्यांचा आवाज थांबलेला ऐकू आला. पलीकडं पंगतीत वाढणारे आण्णा बुंदीचा झारा हवेत धरून उभे राहिले.

"लाकडाचं आमच्या व्याह्यांना विचारा," आई म्हणाली. "त्यांच्याइतकं कळणारं ह्या भागात आहे का कुणी?"

शिराळकरांना त्याला हो म्हणायचं नव्हतं आणि नाही म्हणता येत नव्हतं. आण्णांनी संधी सोडली नाही. झाऱ्यासकट लगबगीनं आले आणि छाती काढून म्हणाले, "हळदू! गाभ्यातला!" आण्णांनी कसलाही नियम घेतलेला नव्हता.

तेवढ्यात मांडवाच्या फटीतून उन्हाची तिरीप सरकत सरकत आमच्यावर आली. चैत्राचं ऊन, पाट चांगलेच तापले. आण्णांचं लक्ष गेलं आणि त्यांची तारांबळ उडाली.

"अरं पोरं हो, उठवा नवरा-नवरीला! पाट सावलीला घ्या!"

"लाकडाला उन्हाचं एवढं काय, भूपालराव?" शिराळकरांनी विचारलं.

"तुमाला काय कळतंय?" आण्णा म्हणाले, आणि माझ्याकडं बघून त्यांचा एक डोळा किंचित बारीक झाला. "हा पाट थंड जागी ठेवायचा असतोय."

मुंडावळ्यांच्या आड मी तोंडावर पदर दाबला, पण खांदे हलायचे थांबेनात. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. बायका गोळा झाल्या. कुणी पाठीवरून हात फिरवला, कुणी पाणी आणलं. माहेर सुटतंय, जीव तुटणारच, असं सगळ्या म्हणायला लागल्या आणि त्यांचेही डोळे भरून आले.

कुणीतरी आईला हाक मारली. "अहो, सुप्रभा बघा कशी रडतेय."

"रडत नाही," आई म्हणाली. "हसतेय ती."

नियम घेतल्यापासून आईचं बोलणं कुणी खोटं मानलं नव्हतं. त्या दिवशी मात्र सगळ्या मांडवात एकानंही तिच्यावर विश्वास ठेवला नाही.